वाद मध्येच सोडायचा कसा?

अर्धविराम

नमस्कार मंडळी.

वाद कसा जिंकावा यावर पायलीला पन्नास सल्ले मिळतात. माझा प्रश्न वेगळा आहे. वाद मध्येच सोडायचा कसा? म्हणजे हार न मानता, समोरच्याचा पाणउतारा न करता, आणि दुसऱ्या दिवशी एकमेकांशी धड बोलता येईल अशा बेतानं.

साधारण असं होतं. विषय निघतो, सुरुवातीला मजा येते. दोन्ही बाजूंकडे सांगण्यासारखं काही असतं. मग नवीन मुद्दे संपतात आणि तेच मुद्दे वरच्या पट्टीत यायला लागतात. आता यातून काही निघणार नाही हे दोघांनाही कळलेलं असतं, तरी थांबत कुणीच नाही. 'बरं बाबा, तू म्हणशील तसं' म्हटलं तर तो टोमणा होतो. 'नंतर बोलू' म्हटलं तर पळपुटेपणा. गप्प बसलं तर 'बघा, आहे का उत्तर?' आणि 'तुझंही बरोबर, माझंही बरोबर' हे तर धडधडीत खोटं. दोन्ही बरोबर क्वचितच असतात.

माझ्या मते वाद सोडता येणं हे वाद घालता येण्यापेक्षा अवघड कसब आहे आणि ते कुणी शिकवत नाही. तुमचे अनुभव लिहा. 'वादच घालू नये' हा सल्ला कृपया नको, तो घरच्यांनी देऊन झालाय.

शेवटचाबाक

वादच घालू नये.

(खुर्ची टाकून बसलो आहे.)

अर्धविराम

@शेवटचाबाक, अपेक्षेप्रमाणे.

सोनटक्का

प्रश्न आवडला. पण मला वाटतं वाद सोडता येत नाही याचं कारण तो भलत्याच गोष्टीवर चाललेला असतो.

मध्यंतरी दोन भावांचं ऐकलं. नात्यातले आहेत, म्हणून जास्त सांगत नाही. वडिलांना तपासणीला सकाळी न्यायचं की संध्याकाळी. थोरला म्हणे सकाळी गर्दी कमी असते. धाकटा म्हणे पहाटे कुठे त्यांचा डोळा लागतो, उठवू नये. थोरल्यानं फोनवर दवाखान्याच्या वेळा काढून दाखवल्या. धाकट्यानं मागच्या खेपेला किती ताटकळावं लागलं ते काढलं. शेवटी थोरला वैतागून म्हणाला, "मग तूच ने." त्यावर धाकटा म्हणाला, "नेतोच की. पण तू आधी ठरवून टाकतोस आणि मग विचारल्यासारखं करतोस, ते बंद कर."

म्हणजे इतका वेळ जे चाललं होतं त्यात सकाळ-संध्याकाळचा काही संबंधच नव्हता. एवढ्यात आतून वडील ओरडले, "मला तपासणीच करायची नाहीये, ते विचारलंत का कुणी?"

आता हा वाद सकाळवर सोडा नाहीतर संध्याकाळवर, काय फरक पडतो? तो पुढच्या आठवड्यात दुसऱ्या विषयाचं निमित्त करून येणारच.

बाराखडी

वडिलांना माझ्याकडून दंडवत.

गणिती

सोनटक्का म्हणतायत ते पटलं. थोडं नेमकं करतो. काही मतभेद माहितीचे असतात. गाडी किती वाजता सुटते, कुठला देश क्षेत्रफळानं मोठा. हे बघून घेता येतं, त्यावर पाच मिनिटांच्या वर बोलणं म्हणजे हौस. काही मूल्यांचे किंवा आवडीचे असतात. तिथे बघून घेण्यासारखं काही नसतं, फार तर 'तुला हे एवढं का लागतं' एवढं कळू शकतं. आणि काही या भावांसारखे, ठरवायचं कुणी याचे. एका प्रकारचा वाद दुसऱ्याच्या हत्यारांनी लढला की तो संपतच नाही. थोरल्यानं दाखवलेल्या दवाखान्याच्या वेळा बरोबरच असणार, पण मागितल्या कुणी होत्या?

पूर्वपक्षी

अर्धविराम, तुमच्यासाठी वाईट बातमी आहे. 'मला जरा काम आहे, नंतर बोलू' म्हणून उठणं ही अधिकृत हार आहे, आणि हा नियम फार जुना आहे.

न्यायसूत्रं या तर्कशास्त्राच्या जुन्या ग्रंथाच्या पाचव्या अध्यायात बावीस निग्रहस्थानं दिली आहेत. वादी हरला असं कुठे कुठे धरायचं, त्या जागा. त्यातली एक आहे 'विक्षेप': कामाची सबब सांगून चर्चा तोडणे. सूत्रकारांना अशी माणसं भेटलेली असणार, त्याशिवाय एवढं नेमकं सुचत नाही.

बाकीची यादीही वाचण्यासारखी आहे. 'अर्थांतर', म्हणजे विषय सोडून भलतंच बोलत सुटणं. 'प्रतिज्ञासंन्यास', म्हणजे अंगाशी आल्यावर 'असं मी म्हणालोच नव्हतो'. 'मतानुज्ञा', म्हणजे आपल्यावरचा दोष न खोडता 'तुमच्यातही तेच आहे की' असं म्हणणं. यात आपला दोष आपण मान्य करून बसलो हे बोलणाऱ्याच्या गावीही नसतं. पण माझं लाडकं 'अननुभाषण'. समोरच्यानं आपलं म्हणणं तीनदा सांगितलं, सभेला ते कळलं, आणि तरी तुम्हाला ते परत बोलून दाखवता आलं नाही, तर तुम्ही हरलात. उत्तर द्यायच्या आधीच.

बाराखडी

तीनदा? आमच्याकडे पहिल्यांदाच कुणी ऐकत नाही.

शेवटचाबाक

बावीसच? आमच्या सोमवारच्या मीटिंगमध्ये चहा येईपर्यंत तेवढी उरकतात.

मुक्कामपोस्ट

पूर्वपक्षी, माहिती छान आहे, पण तिथे सभा होती, मध्यस्थ होता. कोण हरलं ते सांगणारा तिसरा माणूस होता. घरात, कट्ट्यावर, ऑफिसात पंच नसतो. तुम्ही निग्रहस्थान दाखवून दिलं तर समोरचा 'अरे हो, हरलो' म्हणत नाही. 'मला शिकवू नकोस' म्हणतो.

खरं सांगायचं तर ज्यांना तर्कदोषांची नावं पाठ असतात त्यांच्याशी बोलणं मला शिक्षा वाटते. आपण काही म्हणायचा अवकाश, की हा अमका दोष, तो तमका दोष. मुद्दा राहतो बाजूलाच, नुसती नावं ठेवणं चालतं.

गणिती

+१. शिवाय तर्कदोष सापडला म्हणून निष्कर्ष चुकीचा ठरला असंही होत नाही. रीत चूक आणि उत्तर बरोबर असे पेपर मी वर्षानुवर्षं तपासतोय. रीतीचे गुण कापता येतात, उत्तर खोडता येत नाही.

पूर्वपक्षी

@मुक्कामपोस्ट, हा आक्षेप जुन्या लोकांना ठाऊक होता. चरकसंहितेत, विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात, वैद्यानं वैद्याशी बोलायचं कसं यावर भलंमोठं प्रकरण आहे. तिथे बोलण्याचे दोन प्रकार केलेत. एक संधाय संभाषा, म्हणजे जुळवून घेऊन केलेली चर्चा. जो जाणता आहे, चिडका नाही, ज्याची समजूत घालता येते आणि ज्याला दुसऱ्याची समजूत घालता येते, अशाशी ती करायची. तिथे बिनधास्त विचारा, बिनधास्त सांगा, हरण्याची धास्ती नको, आणि जिंकलात तर मिरवू नका. दुसरी विगृह्य संभाषा, म्हणजे सरळ सामना. त्यात उतरण्याआधी समोरचा आपल्याहून वरचढ आहे, बरोबरीचा आहे की कमी, आणि ऐकायला बसलेली मंडळी कोण आहेत, हे जोखायला सांगितलंय.

आणि सामन्यासाठी दिलेल्या युक्त्या वाचून डोळे पांढरे होतील. ज्याचा अभ्यास कमी त्याच्यावर लांबलचक सूत्रपाठाचा मारा करा. ज्याला वाक्य डोक्यात धरून ठेवता येत नाही त्याच्यापुढे लांब, गुंतागुंतीची वाक्यं फेका. रागीट माणसाला दमवा, भित्र्याला घाबरवा. हे सगळं उपचारांच्या ग्रंथात.

तिसरीबाजू

म्हणजे आमच्या साहेबांनी चरक वाचलेला दिसतोय.

गंमत सोडा, पण इथे सगळे बरोबरीच्या माणसांच्या वादाबद्दल बोलताय म्हणून लिहिते. 'शांतपणे बोल', 'मुद्द्याचं बोल', 'भावना बाजूला ठेव' हे नेहमी कोण म्हणतं? त्या निर्णयात ज्याचं काही जाणार नसतं तो. कामाची पाळी बदलणार माझी, लवकर उठून धावपळ करणार मी, त्यांना शांत राहायला काय जातं? माझा आवाज एवढासा चढला की चर्चा माझ्या आवाजावर सुरू होते आणि पाळीचा विषय बंद.

आणि वाद मध्येच सोडणंही त्यांनाच परवडतं. 'आज इथे थांबू या' म्हणाले, की जे चाललंय ते तसंच चालू राहतं. म्हणजे थांबले तिथे ते जिंकलेच. ज्याला काही बदलून हवंय त्यानं सोडणं म्हणजे हरणं. हे अर्धविरामांच्या प्रश्नात कुठे बसतं?

अर्धविराम

@तिसरीबाजू, माझा प्रश्न बरोबरीच्या माणसांपुरताच होता. तुम्ही म्हणता तिथे सोडूच नये. उठण्याआधी 'उत्तर कधी देणार' एवढं पदरात पाडून घ्यावं. तारीख मिळाली की वाद त्यांच्या गळ्यात राहतो, आपल्या नाही.

पूर्वपक्षी

तिसरीबाजू, तुमचा मुद्दा एका भिक्खूनं राजालाच ऐकवला होता. मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात राजा मिलिंद, म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला इंडो-ग्रीक राजा मिनँडर, नागसेनाला विचारतो की माझ्याशी चर्चा कराल का. नागसेन म्हणतो, पंडितांसारखी करणार असाल तर करीन, राजांसारखी करणार असाल तर नाही. फरक काय? पंडित बोलतात तेव्हा गुंता सोडवला जातो, चूक दाखवली जाते, ती कबूलही केली जाते, आणि तरी कुणी रागावत नाही. राजे एक गोष्ट मांडतात आणि जो नाही म्हणेल त्याला शिक्षा फर्मावतात. राजानं ही अट कबूल केली आणि मगच पुढची प्रश्नोत्तरं झाली.

तिसरीबाजू

सुंदर. पण नागसेनाला अट घालायला काय झालं? त्याला पगारवाढ नको होती.

शेवटचाबाक

हा प्रतिसाद चौकटीत लावून ठेवण्यासारखा आहे. साहेब येतील तेव्हा उलटा करायचा.

पुढचीतारीख

पेशानं वकील, म्हणून दोन शब्द. लोकांना वाटतं वकील वाद घालण्यात पटाईत, घरी यांच्यापुढे कुणाचं काय चालणार. परिस्थिती उलट आहे.

कोर्टात आम्ही समोरच्या वकिलाला पटवायला उभेच नसतो. त्याला पटलं काय नि न पटलं काय. पटवायचं असतं ते न्यायाधीशांना. ही सवय घरी आली की माणूस बायकोशी बोलताना तिथे नसलेल्या न्यायाधीशाकडे बघून बोलायला लागतो. वाक्यं एकदम ऐटबाज येतात, मुद्देसूद येतात आणि समोरचं माणूस आणखी दुखावतं. चारचौघांत झालेले वाद मिटत नाहीत तेही यामुळेच. दोघंही एकमेकांशी बोलतच नसतात, बघ्यांशी बोलत असतात.

तसंच उलटतपासणीचं. ज्याचं उत्तर आपल्याला माहीत नाही तो प्रश्न साक्षीदाराला विचारू नये, हे आम्हाला सुरुवातीलाच शिकवतात. घरात नेमके तेच प्रश्न विचारण्यासारखे असतात. 'तू काल हो म्हणाली होतीस की नाही?' हा प्रश्न नाहीच, तो सापळा आहे, आणि पाच वर्षांच्या पोरालाही तो कळतो.

सोनटक्का

तिथे नसलेला न्यायाधीश, अगदी अगदी. काही जण तर त्याच्यासाठी वेगळा आवाज लावतात.

कडीकोयंडा

थोडं अवांतर, पण बोलण्याच्या यंत्रणेबद्दल. 'समोरचा ऐकतच नाही, नुसता उत्तर जुळवत असतो' अशी तक्रार सगळेच करतात. त्यात त्याचा फारसा दोष नसतो. २००९ मध्ये दहा वेगवेगळ्या भाषांतली संभाषणं मोजून बघितली गेली. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत साधारण पाव सेकंद किंवा त्याहून कमीच वेळ जातो, सगळीकडे थोड्याफार फरकानं हेच. पण एखादा साधा शब्द डोक्यात शोधून तोंडावाटे बाहेर काढायला अर्ध्या सेकंदाहून जास्त लागतो. मग हिशेब जुळतो कसा? समोरच्याचं वाक्य चालू असतानाच आपण त्याचा शेवट ताडतो आणि उत्तर जुळवायला घेतो. गप्पांमध्ये हे झकास चालतं. वादात गळ्याशी येतं, कारण शेवट आपण ताडलेला असतो एक आणि समोरचा म्हणतो भलतंच. आपलं उत्तर तोवर निघालेलं असतं.

दुसरी गंमत. होकार झटकन येतो, नकार रेंगाळत येतो. 'येतोस का?' याला 'येतो' लगेच. यायचं नसलं की आधी जरा शांतता, मग 'अं', मग 'यायला काही नाही, पण'. जाणती माणसं त्या शांततेतच नकार ऐकतात आणि स्वतःच म्हणतात, 'नाही, जमत असेल तरच.' म्हणजे कितीतरी वाद तोंडातून बाहेर पडायच्या आधीच सोडले जातात आणि आपण त्याची नोंदही घेत नाही. लेखी निरोपात ही सोय गेली. तिथे शांतता दिसते पण ती कसली ते कळत नाही. पलीकडचा नाराज आहे, की अंघोळीला गेलाय?

बाराखडी

आमच्या माहेरी चौघं एकाच वेळी बोलतात आणि सगळ्यांना सगळं कळतं. माझा नवरा सुरुवातीला आपली पाळी येण्याची वाट बघत बसायचा. कुणी थांबतच नाही तर पाळी येणार कुठून? आमच्या लोकांना वाटलं जावई अबोल आहे. याला वाटलं ही माणसं भांडतायत. परतताना म्हणाला, "काय झालं होतं एवढं?" मी म्हटलं, "कुठे काय? पंखा घ्यायचाय त्यांना."

कडीकोयंडा

@बाराखडी, डेबोरा टॅनन या भाषाशास्त्रज्ञ बाईंचं यावरच बरंच काम आहे. काहींच्या बोलण्यात मध्ये बोलणं म्हणजे रस दाखवणं, काहींच्या बोलण्यात तेच म्हणजे तोंड बंद करणं. दोन्हीकडची माणसं आपापल्या परीनं सभ्यच असतात, आणि दोन्हीकडे दुसऱ्याबद्दलची तक्रार पिढ्यान् पिढ्या चालते.

मुक्कामपोस्ट

हे सगळं ठीक. पण पुरावे दिले की माणूस आपलं मत आणखीनच घट्ट धरतो, हे संशोधनानं सिद्ध झालंय ना? मग सोडायचा कधी हा प्रश्नच येत नाही. शेवटचाबाक म्हणतात तेच खरं, सुरूच करू नये.

गणिती

तो नायहन आणि रायफ्लर यांचा २०१० चा निबंध. फार गाजला, कारण सगळ्यांना आपापले नातेवाईक आठवले. पण पुढे वूड आणि पोर्टर यांनी दहा हजारांहून जास्त माणसं आणि ५२ विषय घेऊन तेच तपासलं. २०१९ मध्ये छापून आलं. उलटा परिणाम जवळपास सापडलाच नाही. चुकीची माहिती दुरुस्त करून दिली तर बहुतेक लोक तेवढी माहिती दुरुस्त करून घेतात. आपली बाजू सोडत नाहीत, ती गोष्ट वेगळी. तेव्हा पुरावा वाया जात नाही. फक्त तो दिल्या दिल्या समोरच्यानं हात जोडावेत ही अपेक्षा नको.

मुक्कामपोस्ट

ही माहिती वाचून माझं मत आणखीनच घट्ट झालं आहे.

गणिती

हा घाव वर्मी.

तिसरीबाजू

वादातला एक प्रकार अजून कुणी लिहिला नाही, आणि त्यामुळेच मी सर्वात जास्त चिडते. मीटिंगमध्ये एक गृहस्थ म्हणाले, "घरून काम म्हणजे कामचुकारपणा. कुणालाही देऊ नये." मी आणि अजून एकीनं आकडे मांडले, कुठलं काम वेळेत झालं, कुठलं रखडलं. त्यांनी कागद हातात घेतला, चष्मा कपाळावर चढवला, कागद पालथा घातला आणि म्हणाले, "मी एवढंच म्हणतोय की समोरासमोर बोलण्याचे काही फायदे असतात. हे तुम्हाला मान्य नाही का?" आता याला नाही कोण म्हणणार? आम्ही हो म्हणून मान हलवली. दारातून बाहेर पडताना ते दुसऱ्या कुणाला तरी सांगत होते, "त्यांनाही पटलंय, घरून काम बंदच करायला हवं."

गणिती

या प्रकाराला नाव आहे (मुक्कामपोस्ट, क्षमस्व): 'मॉट अँड बेली', म्हणजे गढी आणि आवार. निकोलस शॅकेल या तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकानं २००५ मध्ये दिलेलं. जुन्या किल्ल्यांत उंचवट्यावर एक गढी असायची आणि खाली कुंपण घातलेलं मोकळं आवार. राहायला आवार बरं, पण ते लढवता येत नाही. हल्ला झाला की गढीत शिरायचं आणि शत्रू गेला की परत खाली. 'घरून काम म्हणजे कामचुकारपणा' हे आवार आणि 'समोरासमोर बोलण्याचे फायदे असतात' ही गढी.

पुढचीतारीख

यावर उपाय साधा आहे. गढीत शिरले की बाहेरून कडी घालायची. "ठीक, मग इतिवृत्तात एवढंच लिहिते: समोरासमोर बोलण्याचे काही फायदे असतात, यावर सगळ्यांचं एकमत." त्यांच्यासमोर लिहा आणि मोठ्यानं वाचून दाखवा.

तिसरीबाजू

@पुढचीतारीख, फी किती झाली?

सोनटक्का

मला एक प्रश्न फार उपयोगी पडतो. 'का?' विचारण्याऐवजी 'कसं?' विचारायचं. का विचारलं की माणूस आणखी चार कारणं शोधून काढतो. कसं विचारलं की त्याला स्वतःच्याच योजनेतून पायरीपायरीनं चालून जावं लागतं.

कडीकोयंडा

याला आधार आहे. रोझेनब्लिट आणि काइल यांनी २००२ मध्ये लोकांना विचारलं, चेन, कुलूप, संडासाचा फ्लश कसा चालतो हे तुम्हाला किती समजलंय, गुण द्या. लोकांनी स्वतःला चांगले गुण दिले. मग म्हणाले, आता पायरीपायरीनं लिहा. लिहून झाल्यावर पुन्हा गुण द्यायला सांगितले, तर ते खाली आले. आणि हे कुणीही त्यांच्याशी वाद न घालता.

मुक्कामपोस्ट

पण सूर सांभाळा हो. 'बरं, कसं करणार ते सांग' हे जिज्ञासेनं म्हणता येतं आणि 'बरं, कसं करणार ते सांग की!' असंही म्हणता येतं. दुसऱ्या प्रकारात पुन्हा वकीलसाहेबांची उलटतपासणी.

पूर्वपक्षी

तिबेटी मठांतल्या वादसभेत सुराची भानगडच ठेवलेली नाही. प्रश्न करणारा उभा राहतो, पाय आपटून टाळी वाजवतो आणि विधान फेकतो. उत्तर देणारा जमिनीवर बसलेला. त्यानं ठरावीक उत्तरांतलंच एक द्यायचं. मान्य. का? कारण सिद्ध नाही. त्या कारणातून हे निघत नाही. ऐसपैस भाषण नाही, 'तसं नव्हे, पण' नाही. त्यामुळे नक्की कुठल्या पायरीवर दोघांचं फाटलं ते सगळ्या अंगणाला दिसतं.

शेवटचाबाक

'कारण सिद्ध नाही' हे उद्यापासून घरी वापरणार.

बाराखडी

जरूर वापरा. नंतर उभं कोण होतं आणि जमिनीवर कोण होतं, तेही कळवा.

अर्धविराम

मंडळी, रंग चढलाय, पण माझ्या प्रश्नाचं काय? पूर्वपक्षी, सबब सांगून उठलं तर हार, हे कळलं. मग हार न होता उठायचं कसं ते तुमच्या यादीतून निघतं का?

पूर्वपक्षी

सरळ निघत नाही, पण मला त्यातून एक वाट दिसते. अननुभाषण ही हार असेल, तर जाण्याआधी समोरच्याचं म्हणणं त्याच्याच तोलामोलानं मांडून दाखवा. "तुझा आक्षेप असा, त्याचं कारण असं, आणि त्यातली ही बाजू मला खोडता आलेली नाही. तरी मला अमुक पटत नाही. आज इथेच थांबतो." यात सबब नाही, टोमणा नाही, खोटी सहमती नाही. समोरचाही बहुतेक वेळा थांबतो, कारण तो तेच तेच पुन्हा सांगत होता ते आपलं म्हणणं पोचलं नाही या समजुतीनं. पोचल्याची पावती मिळाली की पुन्हा सांगायला त्याच्याकडे काही उरत नाही.

सोनटक्का

तत्त्वतः मान्य. व्यवहारात जपून. आमच्या ओळखीचे एक जण समुपदेशनाचं शिबिर करून आले आणि घरी प्रत्येक वाक्यानंतर 'म्हणजे तुला असं म्हणायचंय की' सुरू केलं. बायको म्हणाली, "मला जे म्हणायचं होतं ते मी म्हटलंय. तू तुझं बोल."

पूर्वपक्षी

@सोनटक्का, ते पोपटपंची करत होते. तोलामोलानं मांडायचं म्हणजे तिनं न सांगितलेलं पण तिच्या बाजूचं एखादं कारण आपण पुरवायचं. ते जमायला समोरच्याचं खरोखर थोडं पटावं लागतं. अजिबात पटत नसेल तेव्हा हे करू जाऊ नये, नाटक लगेच उघडं पडतं.

तिसरीबाजू

आणि साहेबांपुढेही करू नये. त्यांची बाजू आपण इतकी छान मांडून दिली तर ते तीच वरती पाठवतील.

गणिती

'नंतर बोलू' मला तरी हार वाटत नाही, फक्त वेळ सांगायला हवी, आणि ती उठणाऱ्यानं सांगायला हवी. त्या वेळेला विषय त्यानंच काढायचा. हे पाळणारे फार थोडे, म्हणून 'नंतर बोलू' बदनाम झालंय.

पुढचीतारीख

आमच्याकडची एक पद्धत सांगतो, मग पळतो (हा विक्षेप आहे, कल्पना आहे). दिवाणी दाव्यात पुरावा सुरू होण्याआधी कोर्ट मुद्दे काढतं. एकानं काय म्हटलं, दुसऱ्यानं त्यातलं काय नाकारलं, आणि म्हणून नक्की कशाचा निकाल लावायचा. जे दोघांना मान्य आहे ते तिथेच गळून पडतं. भांडण कोर्टात गेलेलं नसलं तरी हे करता येतं. दोघांनी एकच कागद घ्यायचा आणि कशावर मतभेद आहे तेवढंच लिहायचं, कोण बरोबर ते नाही.

दोन भागीदार माझ्याकडे आले होते, वेगळं व्हायचं म्हणून. त्यांना हेच करायला बसवलं. आधी भांडण नक्की कधीपासून आहे यावरच जुंपली. मग एकेक मुद्दा लिहिला आणि खोडला. हिशेबाचा मुद्दा खोडला, कारण हिशेब दोघांना मान्य होता. कामाच्या वाटणीचा खोडला. खाडाखोड करून शेवटी एकच ओळ उरली, आणि ती माझ्या टिपणात कुठेही नव्हती. गोदामाची किल्ली कुणाकडे राहणार.

बाराखडी

आणि कुणाकडे राहिली?

पुढचीतारीख

दुसरी करून घेतली. भागीदारी अजून चालू आहे, भांडणंही.